उजव्या पायाचा अंगठा

आत आले की ते आधी आरसा हलवायचे. माझ्या क्लिनिकमध्ये भिंतीला टेकून एक उभा आरसा आहे. पेशंटला स्वतःचं पाऊल कसं पडतंय ते दिसावं, म्हणून ठेवलेला. हे गृहस्थ कॉटवर बसायचे, आरशाची कड धरायचे आणि तो असा तिरपा करायचे की पाय सोडून बाकी सगळं त्यात दिसावं. दार, दाराबाहेरचा चपलांचा रॅक, गल्लीतून मागे मागे येणारी रिक्षा. मी ओरडायचे, "काका, तो आरसा पायासाठी आहे." ते शांतपणे म्हणायचे, "मागचं दिसलं पाहिजे, मॅडम." मी आरसा सरळ करून दुसऱ्या पेशंटकडे वळले की तो पुन्हा तिरपा झालेला असायचा.

नाव सांगत नाही. ते राहतात त्या कोपरमध्ये त्यांना ओळखणारे पुष्कळ आहेत. खोपटच्या एसटी डेपोतून लाल गाडी चालवायचे, कोकणच्या लाइनवर. पन्नाशी गाठलेले, मिशी कातरलेली, शर्टाची बाही कायम एक घडी वर. तुम्ही त्या बाजूचे असाल तर कधी ना कधी त्यांच्या गाडीत झोपला असाल. त्यांना त्याचाच अभिमान होता. बाकीचे ड्रायव्हर किती वेगाने पोचलो ते सांगतात, हे सांगायचे की माझ्या गाडीत माणसं झोपतात. घाटातसुद्धा झोपतात म्हणे.

मी डोंबिवली पश्चिमेला फिजिओथेरपी करते. पूर्वी पिठाची गिरणी होती त्या गाळ्यात माझं क्लिनिक आहे. मी चिडकी आहे, हे आधीच सांगून ठेवते. लकवा झालेली माणसं, दबलेल्या नसा, तुटलेल्या नसा, हेच दिवसभर बघते. पेशंट मला घाबरतात आणि त्यांनी घाबरावं असं मलाही वाटतं, कारण लाडाने कोणाचा हात वर होत नाही. हे एकटेच मला घाबरत नसत.

त्यांच्या पायाचं काय झालं ते आता ऐका, आणि ऐकून तुमचं डोकं फिरलं नाही तर मला सांगा. गणपतीच्या आधीचे दिवस. कोकणात जादा गाड्या सुटतात, डेपोत सुट्ट्या बंद होतात. यांची कंबर धरलेली. ड्युटीला जाता जाता गल्लीतल्या डॉक्टरकडे शिरले आणि म्हणाले, सुई द्या, गोळ्यांनी माझं भागत नाही. डॉक्टर म्हणाला, आडवे व्हा. हे म्हणाले, टाइम नाही, उभ्या उभ्याच द्या. पँट थोडी खाली सरकवून टेबलाला हात लावून उभे राहिले. सुई टोचली तशी मांडीपासून अंगठ्यापर्यंत वीज गेली. डॉक्टरच्या पायऱ्या उतरताना उजवं पाऊल लोंबायला लागलं होतं.

कुल्ल्यातून पायाकडे एक जाड नस जाते, सुई तिच्यात गेली होती. अशा पायाची खाली दाबायची ताकद थोडीफार राहते, पण पाऊल वर उचलत नाही. बोटं जमिनीला घासतात, आणि तळव्याला काही कळत नाही. खडा टोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. हे पाऊल उजवं. ज्याने ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर जायचं, ते.

मी म्हटलं, त्या डॉक्टरची तक्रार करा. नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, चांगलं तोंड सोडून म्हटलं. त्यांनी मान हलवली. मुलगी लहान असताना तापाने फणफणली होती, तेव्हा हाच डॉक्टर पावसात चालत घरी आला होता. "आणि उभ्या उभ्या द्या म्हणून मीच सांगितलं ना, मॅडम. वर सुई टोचताना मीच हललो." त्यांच्याबरोबर बायकोही मान हलवायची. त्या दोघांना त्या डॉक्टरचा राग येत नव्हता, म्हणून तो सगळा मला येत होता.

बायको बुटकी, कमी बोलणारी. एका शाळेत मदतनीस होती. शाळा सुटली की यायची, बाहेरच्या बाकड्यावर पर्स मांडीवर घेऊन बसायची आणि मी सांगेन ते सगळं मनापासून ऐकायची. मी सांगितलं होतं, यांना तळव्याचं कळत नाही, तर तुम्ही रोज संध्याकाळी दोन्ही तळवे बघायचे. लाल दिसलं, फोड दिसला, चीर दिसली तर लगेच मला सांगायचं. तिने ते इतक्या नेमाने केलं की शेजारणी म्हणायला लागल्या, ही नवऱ्याच्या रोज पाया पडते.

पाऊल लोंबू नये म्हणून प्लास्टिकची एक पट्टी असते, पोटरीपासून तळव्यापर्यंत, तिला स्प्लिंट म्हणतात. ते तिला हँडब्रेक म्हणायचे. "हँडब्रेक लावूनच आलोय, मॅडम." पण ही स्प्लिंट बुटात बसते. जो कोणी तिचा शोध लावला, त्याच्या देशात माणसं बूट घालून स्वयंपाकघरात जात असतील. आपल्याकडे बूट उंबऱ्याबाहेर, की स्प्लिंटही उंबऱ्याबाहेर. घरात पाय घासतच चालायचं. मी म्हटलं, घरात घालायला वेगळे स्वच्छ बूट घ्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आमच्या घरात देव आहेत, मॅडम," बायको म्हणाली. बरीच बोलणी खाल्ल्यावर तिने कापडी बूट आणले, धुतले, वाळवले आणि पिशवीत घालून कपाटात ठेवले. खराब होऊ नयेत म्हणून.

व्यायाम मात्र असा करायचे की बघत राहावं. आकडे मोजत नसत. पाऊल वर ओढायचा प्रयत्न करायचा, येत नसलं तरी डोक्यातून हुकूम सोडायचा, असा तो व्यायाम. प्रत्येक प्रयत्नाला ते एक स्टॉप घ्यायचे. पनवेल. पेण. वडखळ. नागोठणे. कोलाड. पाऊल जागचं हलायचं नाही, पण गाडी पुढे सरकायची. माणगावला पाणी प्यायचे. पोलादपूर सोडलं की आवाज खाली यायचा, कारण पुढे कशेडी घाट. शेजारच्या कॉटवर लकव्याच्या एक आजी असायच्या, माहेर चिपळूणचं. त्या डावा हात उचलायला रोज कुरकुर करायच्या. हे म्हणाले, आजी, हात वर केल्याशिवाय मी चिपळूणला गाडी थांबवणार नाही. तेव्हापासून आजी खेड आलं की हात तयार ठेवायच्या.

मी विचारायचे, "आज कसं?" ते म्हणायचे, "टायमात आहे." महिने गेले, पाऊल होतं तसं लोंबत होतं, तरी टायमात. नस वाढते ती अतिशय सावकाश, आणि वाटेत कुठे अडकली की संपलं. तिला घाई करता येत नाही, औषध देता येत नाही. तोवर स्नायू जिवंत ठेवायचा, सांधा मोकळा ठेवायचा, कातडी फाटू द्यायची नाही. एवढंच काय ते माझं काम. लोकांना मशीनचा करंट म्हणजे मोठी गोष्ट वाटते. करंटने पाय उडतो, मशीन बंद केलं की पाय पुन्हा तसाच. त्यांना हे पक्कं कळलं होतं. करंट चालू असताना पाय उडाला की ते आरशात दाराकडे बघत बसायचे.

एक वर्ष झालं. दुसऱ्या गणपतीत डेपोच्या जादा गाड्या त्यांच्याशिवाय सुटल्या. त्या आठवड्यात त्यांनी स्टॉप घेतले नाहीत, नुसताच व्यायाम केला. पितृपक्ष लागला, आणि एका सकाळी मी त्यांच्या पायाशी स्टुलावर बसलेली असताना उजव्या पायाचा अंगठा हलला.

सहसा आधी घोटा उचलतो, अंगठा सगळ्यात शेवटी. यांचा अंगठा आधी. नसा काही पुस्तकं वाचून वाढत नाहीत. मी म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि अंगठा पुन्हा वर आला, भाताच्या शिताएवढा. मी म्हटलं, "काका, हलला." त्यांनी डोळे उघडून आधी मशीनकडे पाहिलं.

"करंट चालू आहे ना?"

"मशीन बंद आहे, काका."

त्यांनी वाकून प्लगकडे पाहिलं. बटण खाली नव्हतं. मग आरसा स्वतःहून सरळ केला, पाय दिसेल असा, आणि अंगठ्याकडे बघत रडायला लागले. आजी रडल्या. मी आत जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ भांडी धुतली. दहा वर्षांच्या माझ्या कामात असे दिवस मी बोटांवर मोजेन. मी त्यांना सांगितलं, आता घोट्याची पाळी. आता खरी मेहनत. हिवाळ्यापर्यंत पाऊल उचलू लागलं तर पुढे डेपोच्या डॉक्टरसमोर उभं राहता येईल. माझ्या तोंडून ते निघालं, आणि ते खोटं नव्हतं. तसं होऊ शकलं असतं.

दुसऱ्या दिवशी पेढे आले. मला वाटलं, माझे. पेढे आधी देवीला दाखवून आणले होते, मला प्रसादातला मिळाला. मी खाल्ला. मनात म्हटलं, वर्षभर पाय मी चोळतेय आणि पेढे हिला. पण चालायचंच, आपल्याकडे असंच असतं.

त्यानंतर नवरात्र बसलं आणि ते यायचे बंद झाले. फोन केला तर बायकोने उचलला. नवरात्र आहे ना, म्हणाली, दसऱ्यानंतर येतील. मी म्हटलं, घरी व्यायाम करताहेत ना? करताहेत म्हणाली. तळवे बघताय ना? रोज बघते म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. खरंच रोज बघत होती.

दसरा झाल्यावर आले. मी आत होते, दार उघडलं आणि मला आधी वास आला. आमच्या धंद्यात तो वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. ते कॉटवर बसले. पायात मोजा होता, मोजा पुढून ओला. मी मोजा काढायला लागले, तर तो निघेना. पाण्याने भिजवून काढला. अंगठ्याखाली आणि चवड्यावर कातडी नव्हतीच. आत खडी रुतलेली होती. अंगठा काळसर पडला होता, तोच अंगठा.

देवीने अंगठा हलवला, म्हणून त्यांनी नवरात्रात चपला सोडल्या होत्या. घरापासून पुलापलीकडच्या देवळापर्यंत रोज अनवाणी, जाऊन येऊन. आपल्याकडे किती जण सोडतात, तुम्हीही सोडत असाल, मी नावं ठेवत नाही. पण बूट नाही म्हणजे स्प्लिंट नाही. ऑक्टोबरचं ऊन, आणि त्या वर्षी आमच्याकडचा अर्धा रस्ता काँक्रीटसाठी खणलेला. त्या खडीवरून हा माणूस बोटं घासत नऊ दिवस चालला, आणि त्याला काही कळत नव्हतं.

मी बायकोकडे वळले. तुम्ही बघत होतात ना, म्हटलं. माझा आवाज बाहेर गल्लीत गेला असणार. ती हळूच म्हणाली की बघत होते. तिसऱ्या दिवशी फोड आला, तोही बघितला. अनवाणी चाललं की फोड यायचेच, सगळ्यांना येतात. मग ते स्वतःच बोलले, आणि ते वाक्य मी अजून विसरू शकत नाही.

"एवढे फोड आले मॅडम, पण काही म्हणजे काही दुखलं नाही. देवीची कृपा."

तळव्याला कळत नाही, हे त्यांना मी वर्षभर सांगितलं होतं. दोघांना पाठ होतं. पण अंगठा हलला त्या दिवशी ते धरून चालले की पाय बरा व्हायला लागला, आणि बऱ्या होणाऱ्या पायाला दुखत नसेल तर ती कृपाच असणार. मी रिक्षा बोलावली आणि त्यांना तिथूनच हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे रक्त तपासलं तेव्हा साखर निघाली, इतके दिवस कोणाला ठाऊकही नव्हती. डॉक्टरांनी अंगठा काढला.

मी भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. पायावर चादर. त्यांनी मला कोकणच्या गाड्यांचं विचारलं नाही, घरचं विचारलं नाही.

"मॅडम, अंगठा नसला तरी ब्रेक दाबता येतो ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. बरेच जण बोलतात. मी म्हटलं, "दाबता येईल, काका. चवडा शाबूत राहिला आणि पाऊल उचलायला आलं, तर." त्यांनी मान डोलावली आणि हाताने चादरीवर ब्रेक दाबून पाहिला. महिनाभराने चवडाही काढावा लागला. जखम चढत होती. त्या वेळी मी गेले, तर त्यांनी काहीच विचारलं नाही. मी आणलेली मोसंबी बायकोने सोलली आणि त्यांनी ती खाल्ली.

मला कोणाचा राग यावा ते मला अजून ठरवता येत नाही. डॉक्टरने घाई केली, कारण यांना घाई होती. यांना घाई होती, कारण माणसं गणपतीला गावी न्यायची होती. देवीने तर काही मागितलंच नव्हतं. ती आपली मखरात बसलेली. पण राग येतो, आणि तो कुठेच जात नाही. अंगठा नसता हलला तर हा माणूस आज दोन्ही पायांवर लंगडत असता. बऱ्याच पेशंटना मी सांगते, आशा ठेवा. यांच्यानंतर ते वाक्य माझ्या तोंडून लवकर निघत नाही.

डेपोने बसून करायचं काम देऊ केलं होतं, खिडकीमागचं. ते एक दिवस गेले. खिडकीतून गाड्या निघताना दिसतात म्हणाले, आणि पुन्हा गेले नाहीत. नोकरी सोडली. माझ्याकडे पाठवा म्हणून मी बायकोला फोन करत राहिले. उरलेल्या पायासाठी, कमरेसाठी, चालण्यासाठी करण्यासारखं खूप होतं. ती म्हणायची, सांगते. आजी विचारायच्या, आपले ड्रायव्हर कुठे गेले? काही महिन्यांनी त्यांनीही विचारणं सोडलं. त्यांचा हात आता खांद्यापर्यंत जातो, पण कोणी स्टॉप घेत नाही म्हणून कंटाळा करतात.

या वर्षीच्या नवरात्रात मी दुपारी क्लिनिक बंद करून घरी निघाले होते. कोपरच्या बाजूला, रस्ता अजून पुरा झालेला नाही, एका अंगाला काँक्रीट आणि एका अंगाला तशीच खडी. समोरून त्यांची बायको येत होती. हातात ओटीचं ताट, डोक्यावर पदर. मी हसले, आणि माझी नजर खाली गेली. पायात काही नव्हतं.

मी तिचा दंड धरला आणि तिला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. ताट बाजूला ठेवलं. रस्त्यात लोक बघत होते, बघू देत. तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेला भेगा, चवड्यावर दोन फोड, एक फुटलेला. मी फोडाच्या कडेला अंगठ्याने दाबलं आणि विचारलं, "लागतंय?" तिने पाय ओढून घेतला. लागत होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिला रागवायचंच विसरले.

"तुम्ही कशाला हे करताय? एवढं झालं ते पुरे नाही का?"

ती पदराने कपाळ पुसत राहिली. मग म्हणाली, "त्यांना कुठे लागत होतं, मॅडम? न लागता चाललेलं देवीला कसं पोचेल? म्हणून या वर्षी मी धरलंय." ताट जवळ ओढून म्हणाली, "दुसरा पाय तरी राहू दे."

मी विचारलं, ते कसे आहेत. घरात खिडकीत बसतात म्हणाली. बोलत नाहीत. मी येते म्हटलं, आज संध्याकाळीच येते. ती म्हणाली, नका येऊ मॅडम, तुम्हाला बघितलं की त्यांना अंगठा आठवतो.

तिने ताट उचललं आणि ओटीचा खण नीट केला. काँक्रीटच्या बाजूला इमारतींची सावली होती. ती सावली सोडून ती खडीच्या बाजूला गेली आणि पूर्ण पाऊल टेकवत, सावकाश चालत पुलाकडे निघाली.